ओटोच्या विनोदाआधीची दोन वाक्यं

२०२३ च्या उन्हाळ्यात जर्मनीत दोन वाक्यांवरून रण माजलं. डब्ल्यूडीआर या कोलोनच्या सार्वजनिक वाहिनीने ओटो वाल्केस या विनोदवीराचे सत्तरच्या दशकातले कार्यक्रम आपल्या ऑनलाइन संग्रहात ठेवले आणि त्यांच्या सुरुवातीला एक सूचना जोडली. तिचा आशय असा : पुढचा काल्पनिक कार्यक्रम टीव्हीच्या इतिहासाचा भाग म्हणून मूळ स्वरूपात दाखवला जात आहे, त्यातल्या काही भागांत भेदभाव करणारी भाषा आणि वृत्ती आहे. ओटो नुकताच ७५ वर्षांचा झाला होता. आजोबांपासून नातवांपर्यंत सगळ्यांना हसवलेल्या माणसाच्या कार्यक्रमावर ही पाटी! एका बाजूने 'सेन्सॉरशिप'चा गलका झाला, आता हसण्यासाठीही परवाना काढायचा का, असं विचारलं गेलं. दुसऱ्या बाजूने, दोनच तर वाक्यं आहेत, त्यात रडण्यासारखं काय, असं म्हणत खांदे उडवले गेले. तेव्हापासून जर्मनीत विनोदाच्या मर्यादेचा विषय निघाला की ओटोचं नाव येतं आणि दोन्ही बाजू तेच संवाद पुन्हा म्हणतात.

माझ्या मते दोघांचंही भांडण चुकीच्या जागी चाललं आहे. अशी सूचना देणं ही सेन्सॉरशिप नाही, आणि तिला तसं म्हणणं हा ज्यांनी खरी सेन्सॉरशिप सोसली त्यांचा अपमान आहे. पण डब्ल्यूडीआरने दिलेली सूचना वाईट आहे. ती फार बोलते म्हणून वाईट नाही. ती काहीच सांगत नाही म्हणून वाईट आहे. कुठला भाग, कुणाविषयी, कुणी लिहिलेला, कुणी दाखवलेला? यातलं एकही उत्तर तिच्यात नाही. आणि ज्याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यांची मोडतोड करण्यात गेलं, त्या ओटोची कारकीर्द नीट पाहिली तर हे मौन आणखीच खटकतं.

ओटो मराठी वाचकाला फारसा ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याचा विनोद जर्मन भाषेत इतका रुतलेला आहे की तो सीमा ओलांडत नाही. १९४८ साली एम्डेन या उत्तर समुद्राकाठच्या बंदरगावात एका रंगाऱ्याच्या घरी तो जन्मला. पुढे हॅम्बुर्गला चित्रकला शिकायला गेला. तिथे तो ज्या घरात बिऱ्हाडकरू म्हणून राहत होता, त्याच घरात ऊडो लिंडेनबेर्ग आणि मारिउस म्युलर-वेस्टर्नहागेन हे पुढचे रॉकस्टारही राहत होते. ओटोलाही गायकच व्हायचं होतं. गिटार घेऊन तो क्लबांत गाणी म्हणायचा. पण माइक पडला, काही चुकलं, की तो ज्या गडबडीत माफी मागायचा त्यावर लोक गाण्यांपेक्षा जास्त हसायचे. शहाण्या माणसाने गाणी कमी केली आणि माफ्या वाढवल्या. रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात ताटकळण्याऐवजी स्वतःचीच कंपनी काढली. १९७३ मध्ये डब्ल्यूडीआरने त्याचा पहिला टीव्ही कार्यक्रम केला. तारवटलेले डोळे, विरळ पिवळे केस, सशासारख्या उड्या, मध्येच एखादं हिणकस खिंकाळणं, आणि हातात मात्र पक्का सुरातला गिटार. १९८५ चा त्याचा पहिला सिनेमा एकट्या पश्चिम जर्मनीत ऐंशी लाखांहून अधिक लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला. बर्लिनच्या भिंतीपलीकडच्या पूर्व जर्मनीतही तो लागला आणि तुफान चालला. 'आइस एज' या कार्टूनपटातल्या सिड या स्लॉथला जर्मनमध्ये त्याचाच आवाज आहे, म्हणजे ज्या मुलांनी त्याचे कार्यक्रम कधी पाहिले नाहीत त्यांच्याही कानात तो आहेच. एम्डेनने त्याला मानद नागरिक केलं आणि गावातल्या एका सिग्नलवर पादचाऱ्याच्या आकृतीऐवजी उड्या मारणारा ओटो लावला.

हा सगळा वेडेपणा एकट्याचा नव्हता, हे मात्र गलका करणारे सोयीने विसरतात. ओटोचे गाजलेले बहुतेक प्रवेश रोबर्ट गर्नहार्ट, बेर्न्ड आयलर्ट आणि पेटर क्नोर या तिघांनी त्याच्यासाठी लिहिले. गर्नहार्ट हा युद्धोत्तर जर्मनीतल्या महत्त्वाच्या कवींपैकी एक. ही मंडळी स्वतःला 'नवी फ्रँकफुर्ट शाळा' म्हणवत, अडोर्नो आणि मंडळींच्या 'फ्रँकफुर्ट शाळा' या जड तत्त्वज्ञानाच्या शाळेला चिमटा काढून. शनिवारी रात्री जर्मन टीव्हीवर पाद्रीबुवा येऊन रविवारचं प्रवचन देतात, ही १९५४ पासूनची प्रथा. ओटोने 'सोमवारचं प्रवचन' दिलं आणि विकी लेआंड्रोस या गायिकेच्या तेव्हाच्या एका फुटकळ लोकप्रिय गाण्याच्या ओळी बायबलच्या वचनांसारख्या, शब्द न् शब्द उलगडून, त्याच मधाळ सुरात समजावून सांगितल्या. दुसऱ्या एका प्रवेशात शरीराचे अवयव कारखान्यातल्या खात्यांसारखे एकमेकांना निरोप पाठवतात, आणि मेंदूने मुठीला आवळायचा हुकूम दिला की पांथरी विचारते, मीही आवळू का? हा विनोद बाष्कळ वाटतो. पण त्याची वीण घट्ट आहे. तो नेहमी कशाची तरी नक्कल असतो : प्रवचनाची, बातम्यांची, जाहिरातीची, फिल्मी गाण्याची. मूळ वस्तू आठवत नसेल तर नक्कल अर्धीच कळते. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आता विरोधकांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. पहिली गोष्ट, अशी सूचना पाहणाऱ्याच्या मनात आधीच संशय पेरते. 'यात काहीतरी घाण आहे' असं कानात सांगून कुणाला जेवायला बसवलं तर घास गोड लागणार नाही. दुसरी, डब्ल्यूडीआर ही लोकांच्या पैशावर चालते. प्रत्येक जर्मन घर महिन्याला १८.३६ युरो भरत होतं, त्याला कार्यक्रम नसले पाहिले तरी सुटका नव्हती. ज्याच्या पैशाने संस्था चालते त्याला तिने उपदेश केला की चीड येते, आणि ती चीड मूर्खपणाची नाही. तिसरी आणि सर्वात वजनदार गोष्ट म्हणजे, प्रौढ माणसाला पन्नास वर्षांपूर्वीचा कार्यक्रम पन्नास वर्षांपूर्वीचा आहे हे कळतं. त्याला ते सांगावं लागतं असं मानण्यात एक उर्मटपणा आहे.

हे सगळं मान्य करूनही 'सेन्सॉरशिप' हा शब्द इथे बसत नाही. जर्मनीला तो शब्द उसना आणावा लागत नाही. वर्नर फिंक हा बर्लिनच्या 'काटाकोंबे' या कॅबरेचा, म्हणजे राजकीय टवाळीच्या छोट्या रंगमंचाचा, सूत्रधार. तो अर्धं वाक्य बोलून थांबायचा आणि उरलेलं प्रेक्षक मनात पुरं करायचे. १९३५ च्या मे महिन्यात नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या माणसांनी ते ठिकाण बंद केलं आणि फिंकला एस्टरवेगनच्या छळछावणीत धाडलं. ही छावणी ओटोच्या एम्डेनपासून फार लांब नव्हे. म्युनिकचा विनोदी नट कार्ल व्हॅलेंटिन याचा गरिबीवरचा एक छोटा चित्रपट १९३६ मध्ये बंद केला गेला, दैन्य फार दाखवलं म्हणून. युद्धानंतरच्या पूर्व जर्मनीने १९७६ मध्ये वोल्फ बियरमान या कवी-गायकाला मैफलीसाठी पश्चिमेला जाऊ दिलं आणि मग परत येण्याची वाटच बंद केली. त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. त्याच पूर्व जर्मनीने दहाएक वर्षांनी ओटोचा सिनेमा आनंदाने लावला. ज्यांचा धंदाच सेन्सॉरचा होता त्यांना ओटोमध्ये आक्षेपार्ह काही सापडलं नाही! ज्याला सरकार कधी घाबरलं नाही अशा विनोदवीराच्या नावाने आज 'गळचेपी' म्हणून टाहो फोडायचा, हे जरा अतीच होतं. ओटोचे कार्यक्रम तिथे होते. पूर्ण. एक शब्दही न कापता. फुकट.

'आज सूचना, उद्या कात्री, परवा बंदी' असा उतार दाखवला जातो. उतार असतात, पण प्रत्येक पायवाट उतरतीच असते असं नाही. ब्रिटनमधल्या 'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेचं पाहा. तिच्या १९७५ च्या एका भागात, जर्मन पाहुण्यांवरच्याच भागात, एक खुळचट निवृत्त मेजर वंशवाचक शिव्या देतो. २०१३ मध्ये बीबीसीने पुनःप्रक्षेपणात मेजरची ती वाक्यं कापली. फारसा कुणाला पत्ता न लागू देता. २०२० च्या जूनमध्ये यूकेटीव्ही या वाहिनीसमूहाने तो भागच संग्रहातून काढला. मालिकेचा लेखक-नट जॉन क्लीजने आरडाओरड केली, आम्ही मेजरची टर उडवत होतो, त्याचं समर्थन करत नव्हतो, असं सांगितलं. मग तो भाग परत आला, सूचनेसह. म्हणजे इथे क्रम नेमका उलटा झाला : आधी कात्री, मग बंदी, आणि शेवटी सूचनेच्या हाताला धरून मूळ कार्यक्रम घरी आला. पाटीचा उपयोग असा, ती लावली की कापायचं कारण उरत नाही. ओटोच्या बाजूने ओरडणाऱ्यांनी खरं तर तिचा आधार घ्यायला हवा होता.

जर्मनीत याच्या आदल्याच वर्षी असंच एक भांडण होऊन गेलं होतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये राफेन्सबुर्गर या प्रकाशकाने विनेटू या, कादंबरीकार कार्ल मायच्या रेड इंडियन नायकावरच्या मुलांच्या सिनेमासोबतची पुस्तकं बाजारातून मागे घेतली. हा एका खाजगी प्रकाशकाचा भित्रा निर्णय होता आणि त्याला नावं ठेवायला जागा होती. पण बघता बघता देशभर बोभाटा झाला की विनेटूवरच बंदी आली, सरकारी टीव्हीनेही जुने सिनेमे हाकलले. वस्तुस्थिती अशी की एआरडी या सार्वजनिक वाहिनीकडचे त्या सिनेमांचे हक्क २०२० मध्येच संपले होते, आणि झेडडीएफ या दुसऱ्या सार्वजनिक वाहिनीकडे ते होते. बंदी कुठेच नव्हती, संताप मात्र शंभर नंबरी होता. ओटोचं प्रकरण पेटलं तेव्हा हे सरपण रचलेलंच होतं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिची चूक जास्त सभ्य असल्यामुळे ती कमी दिसते. 'भाषा लागते, म्हणून इशारा द्या' हे तत्त्व ठीक. पण कुठली भाषा कुणाला लागते? ओटो ओस्टफ्रीसलांडचा, एम्डेन ज्या किनारी मुलखात आहे तिथला. साठच्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या वेस्टरश्टेडं गावातल्या एका शाळेच्या नियतकालिकात ओस्टफ्रीसलांडच्या लोकांवर विनोद छापून आले आणि सगळ्या जर्मनीत त्यांची साथ पसरली. आपल्याकडचे सरदारजींचे विनोद आठवा, तोच साचा. बल्ब बदलायला पाच जण लागतात ते हेच लोक. ओटो वर आला तो या लाटेवर स्वार होऊन. त्याने बावळट ओस्टफ्रीसियनचं सोंग स्वतःच घेतलं आणि शेवटी शहाणे हॅम्बुर्गवालेच बावळट दिसतील असा डाव उलटवला. ज्याच्यावर विनोद व्हायचा त्याने विनोदाची मालकी घेतली. डब्ल्यूडीआरच्या दोन वाक्यांच्या चाळणीतून हा विनोद आणि एखाद्या परक्या, खोलीत हजर नसलेल्या माणसावरचा विनोद यांत काही फरक राहतो का? दोन्ही 'भेदभाव करणारी भाषा'च.

आणि फरक दुसऱ्या दिशेनेही आहे, तो ओटोच्या चाहत्यांना गैरसोयीचा. या वादात हटकून ओढला जाणारा प्रवेश टीव्हीतला नाही, १९८५ च्या सिनेमातला आहे. कर्जबाजारी ओटो एका वयस्कर बाईच्या दारात एका कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिकाला गुलाम म्हणून विकायला उभा करतो, आणि आज तोंडातून काढता येणार नाहीत असे शब्द त्यात सहज येतात. चाहते म्हणतात, टर त्या बाईच्या मनोवृत्तीची आहे. बरोबर आहे, मलाही तो रोख दिसतो. पण सैनिकाचं काम कुणी केलं होतं? ग्युंटर काउफमानने. १९४७ साली म्युनिकमध्ये जन्मलेला, आई जर्मन, वडील कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक. अस्सल बव्हेरियन बोलणारा, दिग्दर्शक फासबिंडरच्या कंपूत वाढलेला नट. जर्मन सिनेमाने या जर्मन माणसाला अमेरिकन सैनिकाचा गणवेश पुन्हा पुन्हा चढवला, फासबिंडरनेही, कारण काळा माणूस म्युनिकचा असू शकतो हे पडद्याला सुचतच नव्हतं. वंशवादी बाईची खिल्ली उडवणाऱ्या विनोदालाही ते सुचलं नाही. लेखकांचा हेतू स्वच्छ होता हे मी मानतो, आणि तरीही विनोदाचा एक डोळा झाकलेला होता हेही मानतो. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. चाहत्यांना दुसरं ऐकायचं नसतं, टीकाकारांना पहिलं.

डब्ल्यूडीआरच्या सूचनेत तर दोन्हीपैकी एकही नाही. तिच्यात त्याहून मोठी एक चलाखी आहे. 'कार्यक्रम मूळ स्वरूपात दाखवला जात आहे.' कुणाकडून? कर्मणी प्रयोगाच्या आडोशाला ही संस्था उभी आहे. ते कार्यक्रम कुठून वाहत आलेले नव्हते. ते डब्ल्यूडीआरनेच बनवले, डब्ल्यूडीआरच्या संपादकांनी मंजूर केले, देशभर दाखवले आणि त्यांच्या लोकप्रियतेत स्वतःही न्हाऊन घेतलं. पन्नास वर्षांनी तीच संस्था अंगावरची धूळ झटकून म्हणते, यात काही आक्षेपार्ह आहे हं, सांभाळून. बोट मात्र विदूषकाकडे. हाराल्ड श्मिट या दुसऱ्या विनोदवीराच्या नव्वदच्या दशकातल्या कार्यक्रमालाही हाच मजकूर चिकटवला गेला. श्मिटचा थंड, तुच्छ, शहरी विनोद आणि ओटोचा उड्या मारणारा पोरकटपणा यांत जमीन-अस्मानाचं अंतर. एकच शिक्का दोघांवर बसतो याचा अर्थ शिक्का मारणाऱ्याने कार्यक्रम पाहून काही विचार केला याची खूण त्या मजकुरात नाही.

प्रयोगाआधीच्या निवेदनाचा एक किस्सा मराठी रंगभूमीकडेही आहे, आणि तो जर्मनीशी जोडलेला आहे. विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' घेऊन पुण्याची थिएटर अकॅडमी १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्यावर निघाली, त्यात जर्मनीही होती. नाना फडणवीसांची परदेशात बदनामी होणार म्हणून विरोध पेटला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि प्रयोगाआधी नानांचं इतिहासातलं स्थान सांगणारं निवेदन वाचायचं, अशा तडजोडीवर मंडळी विमानात बसली. ते निवेदन दबावाखाली आलं होतं. झुंडीने कलावंताच्या तोंडी घातलेलं होतं. डब्ल्यूडीआरच्या सूचनेला सेन्सॉरशिप म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाशी ती ताडून पाहावी : इथे ओटोला कुणी काही वाचायला लावलेलं नाही, निर्माता स्वतःच्याच मालाविषयी बोलतो आहे. पण गंमत अशी की जबरदस्तीचं ते निवेदनही जर्मन सूचनेपेक्षा नेमकं होतं. त्यात माणसाचं नाव होतं, आक्षेप कशाला आहे हे प्रेक्षकाला कळत होतं. आणि नंतर नाटक पाहून निवेदन खरं की नाटक, हे तो ठरवू शकत होता. धाकाने लिहिलेलं निवेदन नेमकं आणि राजीखुशीने लिहिलेलं गुळमुळीत, असं का व्हावं? मला वाटतं, घाशीरामच्या वेळी समोर भांडणारा माणूस होता. डब्ल्यूडीआरसमोर कुणी नव्हतं. फक्त पुढेमागे कुणी काही म्हणेल ही धास्ती होती. धास्तीला नेमकं लिहिता येत नाही.

'प्रौढांना सांगायची गरज काय' हा आक्षेप मी वर मान्य केला होता, त्याचं उत्तर अजून राहिलं आहे. गरज आहे, आणि ती ओटोच्या विनोदाच्या जातीमुळेच आहे. २०२३ मध्येच, या सूचनेच्या काही आठवडे आधी, ओटो जर्मनीच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला. गाणं होतं 'फ्रीझनयुंग', म्हणजे फ्रीसलांडचा पोरगा : ब्रिटिश गायक स्टिंगच्या न्यूयॉर्कमधल्या इंग्रज माणसावरच्या गाण्याची ओटोने नव्वदच्या दशकात केलेली नक्कल, तिच्यावर बर्लिनचा रॅपर स्की आग्गू आणि नेदरलंड्समधल्या फ्रीसलांडचा योस्ट या विशीतल्या पोरांनी चढवलेला नवा साज. त्यावर नाचणाऱ्या किती पोरांना स्टिंगचं मूळ गाणं ठाऊक असेल? त्यांना नाचायला ते लागतही नाही. पण सोमवारच्या प्रवचनावर हसायचं तर शनिवारचं प्रवचन ऐकलेलं लागतं. सत्तरच्या दशकातल्या ज्या जाहिराती, जे निवेदक, ज्या गाण्यांची ओटोने चिरफाड केली ते सगळं विरून गेलं आहे. नक्कल उरली, मूळ गेलं. मग एखादा प्रवेश तेव्हाच्या वंशवादी बोलण्याची नक्कल करत होता की तसंच बोलत होता, हे आजच्या २० वर्षांच्या प्रेक्षकाने कशावरून ओळखावं? शेक्सपिअरच्या विदूषकांना तळटीपा लागतात, त्याला कुणी अपमान म्हणत नाही.

मूळ स्वरूपाचा जो एवढा जप चालतो, त्याचं स्वतः ओटोला कधीच सोवळं नव्हतं. हान्सेल आणि ग्रेटेलची परीकथा तो पन्नास वर्षं सांगतो आहे, आणि दर काही वर्षांनी तिच्यातली गाणी बदलतो. जुनी लोक विसरले की नवी बसवतो. जे शिळं झालं ते टाकून देण्यात त्याने कधी मानभंग मानला नाही. त्याचे काही चाहते मात्र १९७३ ची फीत देव्हाऱ्यात ठेवून बसले आहेत, तिच्यावर हळदकुंकू सोडून काही पडता कामा नये.

डब्ल्यूडीआरचं स्वतःचं ऐतिहासिक दप्तर कोलोनमध्ये आहे, जाणकार माणसं पगारावर आहेत. प्रत्येक कार्यक्रमाखाली अर्ध्या पानाची नोंद लिहायला कितीसा वेळ लागतो? हा कार्यक्रम अमुक साली आम्ही केला. हे प्रवेश गर्नहार्ट, आयलर्ट, क्नोर यांनी लिहिले. तिसऱ्या प्रवेशात अमुक निवेदकाची नक्कल आहे. पाचव्यात जो शब्द येतो तो तेव्हा आमच्या बातम्यांतही सर्रास यायचा किंवा यायचा नाही, जे असेल ते. हा भाग आज आम्ही करणार नाही, कारण असं असं. खाली लिहिणाऱ्याचं नाव. मग कुणी म्हणेल नोंद चुकली, कुणी म्हणेल फारच सौम्य लिहिली, कुणी ओटोलाच विचारेल, तो बहुधा उत्तर देण्याऐवजी नेहमीचं, त्याची ओळखच बनलेलं हत्तीचं चित्र काढून देईल. पण भांडण निदान त्या प्रवेशाविषयी होईल, आणि भांडणाऱ्यांना तो आधी पाहावा लागेल.